झेडब्रशमध्ये खेळण्यातली वीट: कड उत्तम, मापांचं काम जिकिरीचं

झेडब्रश या संगणकावर त्रिमितीय आकार कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लास्टिकची जोडवीट करायची असेल तर कोरीव कामाचे ब्रश बाजूलाच ठेवा. गोळा घ्यायचा, डायनामेश लावायचा आणि एचपॉलिश या ब्रशने घासून सपाट करायचा, हा मार्ग नवशिक्यांना आधी सुचतो आणि तिथेच काम फसतं. डायनामेश सगळ्या वस्तूवर सारख्या चौकोनांची जाळी बसवतो. कड त्या जाळीच्या रेघेवर पडली नाही की पायऱ्या दिसतात. रेझोल्यूशन, म्हणजे जाळीची बारीकी, १२८ वरून ५१२ केलं तरी पायऱ्या बारीक होतात, जात नाहीत. पॉलिशने त्या घालवायला जावं तर कडच गोल होते.

या कामाचं खरं हत्यार म्हणजे २०१५ च्या ४आर७ आवृत्तीत आलेला झेडमॉडेलर, बिंदू, कडा आणि पृष्ठं थेट घडवणारा ब्रश. बी, झेड, एम या कळा ओळीने दाबल्या की तो हातात येतो. कर्सर बिंदूवर, कडेवर किंवा पृष्ठावर नेऊन स्पेसबार दाबला की त्या त्या जागेची कामं समोर येतात. ही रचना अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण बसली की हात फार वेगाने चालतो.

या हत्याराच्या परीक्षेसाठी लेगोची २×४ वीट चांगली, कारण तिथे चूक लपत नाही. लांबी ३१.८, रुंदी १५.८, उंची ९.६ मिलिमीटर. वरचे खुंट ४.८ व्यासाचे आणि त्यांच्या मध्यांतलं अंतर ८. झेडब्रशला साधारण २ एककांच्या आसपासची वस्तू मानवते, म्हणून १ एकक म्हणजे १० मिलिमीटर धरावं. इनिशियलाइझमधले रेझोल्यूशनचे तिन्ही स्लायडर खाली आणून क्यूक्यूब (तयार ठोकळा) घ्या आणि जिओमेट्रीतल्या साइझमध्ये ३.१८, ०.९६, १.५८ टाका. गिझमोने, म्हणजे वस्तूवरच्या हलवण्या-ताणण्याच्या दांड्यांनी, ओढून आकार देऊ नका, तिथे माप डोळ्यांच्या अंदाजावर राहतं.

कड कशी हवी, ते आता ठरवायचं. क्रीझ (कड तीक्ष्णच ठेवण्याची खूण) लावली तर पात्यासारखी धार येते, पण रेंडरमध्ये, म्हणजे अंतिम चित्रात, तिच्यावर प्रकाश खेळत नाही आणि खेळणं कागदी वाटतं. बेव्हेलने (कड तिरकी छाटून) काम होतं, मात्र जिथे तीन कडा मिळतात तिथे कडेचा लूप, म्हणजे वस्तूभोवती सलग जाणारी कडांची ओळ, पुढे जात नाही, आणि एकेक कड बेव्हेल केली की कोपरा विस्कटतो. त्यापेक्षा इन्सर्टने प्रत्येक दिशेला दोन, असे एकूण सहा लूप कडांजवळ घाला आणि डी दाबून डायनॅमिक सबडिव्ह (जाळी बारीक करून आकार गुळगुळीत दाखवण्याची सोय) चालू करा. लूप कडेच्या जितका जवळ, तितकी कड तीक्ष्ण. पृष्ठाचा मधला भाग जागच्या जागी सपाट राहतो, त्यामुळे वीटेचं माप बिघडत नाही.

गोल भागांत मात्र माप बिघडतं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. कमी बाजूंचं सिलिंडर सबडिव्हाइड केलं की आत आकसतं. ८ बाजूंचा खुंट जवळजवळ १० टक्के बारीक होतो, म्हणजे ४.८ चा सुमारे ४.३ उरतो. १६ बाजूंना ४.७ च्या जवळपास मिळतो, तर ३२ बाजूंना ४.७७. म्हणून क्यूसिल वाय (तयार उभं सिलिंडर) घेताना ३२ बाजू ठेवा. खुंटांच्या जागा पोझिशनच्या स्लायडरमध्ये टाका: लांबीच्या दिशेने ±०.४ आणि ±१.२, रुंदीच्या दिशेने ±०.४. खुंट थोडा वीटेत रुतलेला असावा.

वीटेच्या खालची पोकळी लाइव्ह बूलियनने, म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करून, करावी. झेडब्रशमधलं सगळ्यांत देखणं साधन हेच. वजा करायची आतली पेटी २.८८ × १.२८ ठेवली की भिंत नेमकी १.५ मिलिमीटर होते, आणि तेवढीच हवी; खुंटाची बाहेरची बाजू वीटेच्या कडेपासून तितकीच आत असते, म्हणून दोन वीटा एकमेकींना घट्ट धरतात. पेटीचा तळ वीटेच्या तळाखाली ०.०५ उतरवा. दोन पृष्ठं एकाच पातळीत आली की बूलियन चिरा पाडतो किंवा जाळी फाडतो. आतल्या तीन नळ्या बाहेरून ६.५१, आतून ४.८ मिलिमीटर. सबटूलचा, म्हणजे वस्तूच्या सुट्या भागांचा, यादीतला क्रम पाळा, कारण वजा केलेला सबटूल आपल्या वरच्यांनाच कापतो. नळी पेटीच्या खाली आली नाही तर पेटी तिलाही खाऊन टाकते. डीएसडिव्ह (डायनॅमिक सबडिव्ह बूलियनमध्ये धरण्याचं बटण) चालू ठेवून मेक बूलियन मेश दाबा. नवा आकार टूल पॅलेटमध्ये यूमेश नावाने येतो. चालू सबटूलमध्ये शोधत बसू नका.

त्यानंतर झेडमॉडेलरला या मेशवर हात लावू देऊ नये. बूलियनची जाळी लांबोळ्या त्रिकोणांची असते, तिच्यावर बेव्हेल धरत नाही. कडांचं काम आधी, बूलियन नंतर. पुढे कोरायचंच असेल तर पॉलीग्रुप (पृष्ठांचे गट) शाबूत असतात, म्हणून कीप ग्रुप्स लावून नवी सुबक जाळी विणणारा झेडरिमेशर चालवता येतो.

त्रास आहे तो इथे: एकदा बेक केलेल्या, म्हणजे बूलियनने एकजीव झालेल्या, वीटेचा खुंट ०.१ ने वाढवायचा तर मूळ सबटूलकडे परत जावं लागतं. जोडणीवाली खेळणी रोजची असतील तर पॅरामेट्रिक सीएडी (माप बदललं की आकार आपोआप बदलणारं आराखड्याचं सॉफ्टवेअर) हाच योग्य मार्ग, आणि नुसती वीट करायला झेडब्रशचं सदस्यत्व घेऊ नये. ब्लेंडर या फुकटच्या सॉफ्टवेअरमधला बेव्हेल मॉडिफायर कधीही मागे घेता येतो. पण ज्याच्या खेळण्याला चेहरा, केस, कपडे कोरायचे आहेत आणि मान-खांद्यांत खुंट-खाचा बसवायच्या आहेत, त्याला सगळं एकाच फाइलीत करता येणं फार मोलाचं आहे.

छपाईसाठी एसटीएल फाइल काढताना थ्रीडी प्रिंट हबमध्ये मिलिमीटर निवडून लांबी ३१.८ आहे ना ते तपासा. फिलामेंटच्या प्रिंटरवर खुंट थोडा फुगतो, म्हणून पूर्ण वीट छापण्याआधी २×२ चा तुकडा छापून दाबून पाहा.