सरकारी व्यसनमुक्ती सेवा: गोळ्या मोफत, फेऱ्या महाग

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा उपटला, की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. सरकारची दुसरी यंत्रणा फोटोत येत नाही. सरकारी दवाखान्यातली मानसोपचार ओपीडी, केंद्राच्या अनुदानावर संस्था चालवतात ती व्यसनमुक्ती केंद्रं, आणि फोनवरचा सल्ला. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. निकाल आधीच सांगतो: औषधोपचाराला पैकीच्या पैकी गुण, पाठपुराव्याला जेमतेम पास.

सुरुवात फोनपासून होते आणि पहिला घोळही तिथेच होतो. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी 14446. मानसिक आरोग्याच्या टेली-मानससाठी 14416. आणि जुलै 2024 मध्ये सुरू झालेला 1933, तोही ‘मानस’ याच नावाचा, पण अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा, मुख्यतः तस्करीची खबर देण्यासाठी. पोराला सोडवायला निघालेली आई चुकून 1933 लावते, ‘पोलिसांत जाईल’ म्हणून घाबरते आणि फोन ठेवते. दोन सेवांना एकच नाव द्यायला नको होतं. घरच्यांनी 14446 एवढाच आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

धुळे-मालेगाव पट्ट्यात नशेसाठी खातात ती ‘कुत्ता गोळी’ बहुतेक वेळा अल्प्राझोलम, म्हणजे घबराटीवर आणि झोपेसाठी देतात ते औषध, असते. हे औषध एच-1 यादीतलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायचं. दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं, असा नियम आहे. व्यसन सोडवताना घरचे एक चूक हमखास करतात: गोळ्या फेकून देतात, पोराला खोलीत कोंडतात. अल्प्राझोलम एकदम तोडलं तर आकडी येते, जीवही जाऊ शकतो. ओपीडीत डॉक्टर बहुधा जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर आणतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी डोस 10 ते 25 टक्क्यांनी उतरवतात. म्हणजे काही महिन्यांचं काम. या काळात आठवड्याच्या गोळ्या घरातल्या एकाच माणसाच्या हातात राहाव्यात. गांजाचं वेगळं आहे. तो सोडल्यावर चिडचिड आणि निद्रानाश पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, दोनेक आठवड्यांत बराचसा ओसरतो. आकडीची भीती नाही, पण याच दिवसांत माणूस पुन्हा वळतो. कोडीनचं (खोकल्याचं) सिरप किंवा ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, सोडलेल्याला एक धोका ठणकावून सांगावाच लागतो: महिनाभराने शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस आता जीव घेतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दुसऱ्या खात्याचं, तिथे किरकोळ शुल्क लागू शकतं. पण घराला जड जातो तो केसपेपर नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरलेल्या सालदाराने ऐन कापूस वेचणीत 30 दिवस केंद्रात राहायचं म्हणजे मालकाची उचल अंगावर आणि कमाई बंद. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला दर आठवड्याला यायचं तर दोन माणसांचं एसटीचं भाडं, वर दोघांचा दिवस. गोळी फुकट, फेरी नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माणूस गळतो तो इथे. म्हणून भरती शक्यतो वेचणी उरकल्यावर, उन्हाळ्यात घ्यावी. अल्प्राझोलमवाल्याला मात्र थांबवू नये, त्याची ओपीडी लगेच सुरू करावी.

धाडीपेक्षा उपचारावरचा पैसा जास्त कामी येतो, असं धोरणाचा हिशेबही सांगतो. 1994 साली अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने कोकेनचा खप 1 टक्क्याने घटवायला किती खर्च येतो ते मांडलं: उपचारातून 3.4 कोटी डॉलर, देशांतर्गत पोलीस कारवाईतून 24.6 कोटी, पीक घेणाऱ्या देशांत मुळाशी जाऊन 78.3 कोटी. कोकेन म्हणजे आपला गांजा नव्हे, आकडे जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. पण कारण इथेही लागू पडतं. शेत उपटलं की माल महाग होतो. अधूनमधून ओढणारा कमी करतो, पक्का व्यसनी मात्र घरातलं भांडं विकतो किंवा स्वस्त गोळीकडे वळतो. धाडी नकोत असं अजिबात नाही. धाड पडल्यावर त्याच आठवड्यात त्या गावात ओपीडीचं शिबिर हवं.

कायदाही उपचाराच्या बाजूचा आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं, म्हणून प्रत्येक भेटीचा कागद जपा. गांजाचं अल्प प्रमाण 1 किलोपर्यंत, अल्प्राझोलमचं 5 ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर नुसत्या औषधाचं नव्हे, मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात. अख्ख्या गोळीचं वजन 100 मिलिग्रॅम धरलं तर 50 गोळ्यांत, म्हणजे दहा-दहाच्या 5 पट्ट्यांत मर्यादा संपते.

सरकारी केंद्रात खाट नसली की लोक खासगीकडे जातात. पैसे भरण्याआधी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 खालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा आणि मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे. तसं दिसलं तर त्याच पावली परत फिरा.

पूर्ण गुण मिळवायला या सेवेला नवी इमारत लागत नाही. रुग्ण आणि सोबत्याचं एसटी भाडं, ग्रामीण रुग्णालयात आठवडे बाजाराच्या दिवशी मानसोपचार ओपीडी, आणि केंद्रातून सुटल्यावर सहा महिने दर पंधरवड्याला आशाताईंची एक चक्कर, तिच्या वेगळ्या मानधनासह.