नॉर्थ मेलबर्न: पोरं घडवायची की तयार गडी आणायचे?

2021 आणि 2022, दोन्ही वर्षी एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, तळाला राहिलेल्या नॉर्थ मेलबर्नच्या चाहत्यांत सरळ दोन तट आहेत.

पहिला म्हणतो, ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतून, अठरा वर्षांची पोरं घ्या आणि धीर धरा. हॅरी शीझल हे त्यांचं हुकमी पान. 2022 च्या ड्राफ्टमधला हा मुलगा 2023 मध्ये रायझिंग स्टार, म्हणजे लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला, शिवाय पहिल्याच वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू. मागच्या फळीतून चेंडू घेऊन निघाला की पुढचा पास त्याला आधीच दिसलेला असतो. पण जेसन हॉर्न-फ्रान्सिसचं काय? 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला, एक मोसम खेळला आणि पोर्ट अ‍ॅडलेडला निघून गेला. हरणाऱ्या संघात पोरं टिकवणं हेच खरं अवघड काम.

म्हणून दुसरा तट अनुभवी खेळाडू मागतो. 2024 च्या अखेरीस ल्यूक पार्कर, जॅक डार्लिंग आणि केलेब डॅनियल आले. पार्करसारखा माणूस सरावात पोरांना धडक अंगावर कशी घ्यायची ते शिकवतो, हे मान्य. पण पार्कर आणि डार्लिंग, दोघांनीही तिशी ओलांडलेली!

त्यातच 2025 च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीत निवड करण्याचा हक्क रिचमंड क्लबला देऊन टाकला आणि बदल्यात मिळालेल्या 2024 च्या 27 व्या क्रमांकावर मॅट व्हिटलॉक या नवख्या पोराला घेतलं. तळाच्या संघाने असला जुगार खेळू नये. एक-दोन अनुभवी गडी जरूर आणा, पण पहिल्या फेरीला हात लावू नका. माझं मत पोरांच्याच बाजूने. फक्त त्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांवर आधी पैसा ओता.