चोबे नदीवरची हाऊसबोट: पॅकेज घेण्याआधी काय तपासायचं

आफ्रिकेत नदीवरून प्राणी बघायचे असतील तर बोत्स्वाना आणि नामिबियाच्या हद्दीवरून वाहणारी चोबे हीच पहिली पसंती ठेवावी. दक्षिण काठाला बोत्स्वानाचं चोबे राष्ट्रीय उद्यान, उत्तरेला नामिबियाची पूरमैदानं. पणजी-मडगावच्या एजंटकडून मिळणारं पॅकेज साधारण असं असतं: तीन रात्री हाऊसबोट, दोन रात्री बोत्स्वानातल्या कासाने गावाजवळ लॉज, शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. आखणी चांगली आहे. बिघडतं ते तपशिलात.

मांडवीवरच्या क्रूझचं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. इथली मोठी बोट बराच वेळ काठाला बांधलेली असते, आणि पाणी उतरलं की फारशी हलतही नाही. ती राहण्या-जेवण्यासाठी. प्राणी दिसतात ते सोबतच्या छोट्या उघड्या बोटींतून. 'झाम्बेझी क्वीन'सारख्या नावाजलेल्या बोटीवरही सुइट चौदाच आहेत. त्यामुळे गर्दीची काळजी मोठ्या बोटीवर नाही, छोटीवर करायची. एका छोट्या बोटीत किती जण बसवतात, पहाटेची फेरी किती वाजता निघते, गाईड तोच राहतो की रोज बदलतो, हे एजंटकडून लेखी घ्या. सुइटच्या बाल्कनीचे फोटो नंतर बघा.

छोट्या बोटीतून जे दिसतं त्याला तोड नाही. इंजिन बंद करून गाईड बोट काठाशी वाहू देतो आणि हत्तीचे पाय तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. हत्ती सोंडेने गवताचा जुडगा उपटतो, पाण्यात आपटून मुळांची माती झाडतो आणि मगच तोंडात घालतो. नदीतल्या सेदुदू बेटाकडे कळप पोहत निघाला की पाण्यावर फक्त सोंडा आणि पाठी दिसतात, पिल्लं मोठ्यांच्या मध्ये. बोत्स्वाना-नामिबियाच्या वादात हे बेट बोत्स्वानाचं, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1999 मध्ये दिला. फोटो काढणाऱ्यांची इथे चंगळ असते: दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून नदीतून दक्षिण काठाकडे बघताना ऊन तुमच्या पाठीशी आणि प्राण्याच्या अंगावर पडतं. चोडणच्या खारफुटीत पक्षी बघणाऱ्यांनी दुर्बीण विसरू नये. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर आफ्रिकन स्किमर हा पक्षी घरटी करतो.

सिंह, बिबटे, रानकुत्रे यांची भिस्त नदीवर ठेवू नका. त्यासाठी जीप हवी, म्हणून लॉजच्या दोन रात्री कापून बोटीच्या पाच करू नयेत. उद्यानात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही आणि रात्रीची सफारीही नसते, तेव्हा गेट उघडताना आत शिरणारी जीपच कामाची.

सर्वांत जास्त घोळ व्हिसात होतो. बहुतेक हाऊसबोटी नामिबियाच्या बाजूला नांगरतात. म्हणजे कासानेला बोत्स्वानाचा शिक्का मारून बाहेर पडायचं, छोट्या बोटीने पलीकडच्या चौकीवर नामिबियात शिरायचं, आणि लॉजसाठी परत बोत्स्वानात. बोत्स्वानाचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर पॅकेजचा उत्तरार्ध बुडाला. पुढे धबधब्यासाठी झिंबाब्वेचा व्हिसा वेगळा. पासपोर्टात कोरी पानं भरपूर ठेवा.

विमानाचा मार्गही नीट बघा. भारतात परतताना नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमानतळाबाहेर पडून मुक्काम केलात तर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला लागतो, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो जन्मभर चालतो. गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात आधी विचारून जा. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांशी बोला. चोबे मलेरियाच्या पट्ट्यात आहे, आणि परतल्यावरही गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

आपला पावसाळा तिथला कोरडा हंगाम. मार्च ते मेच्या सुमाराला, चोबे जिला मिळते त्या झाम्बेझी नदीला पूर आला की तिचं पाणी चोबेत उलटं चढतं, पूरमैदानं भरतात आणि प्राणी पांगतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीपेक्षा चतुर्थीच्या आगेमागे, ऑगस्ट-सप्टेंबरात, जाणं केव्हाही चांगलं. दिवाळीच्या सुट्टीत हत्ती काठावर भरपूर, पण ऊन चाळिशीला टेकतं आणि धबधब्याची झांबियाकडची बाजू जवळपास कोरडी पडलेली असते. तेव्हा झिंबाब्वेच्या बाजूने बघा. जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये गोव्याच्या माणसाला स्वेटर पुरत नाही, वाऱ्याला अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवी.

पुढे बोत्स्वानातल्याच ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान हातातल्या बॅगेसकट वीस किलो, आणि तेही मऊ बॅगेत. पोटाखालच्या सामानकप्प्याचं दार अरुंद असतं, चाकांची कडक बॅग आत जातच नाही. चौरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा सुकी मासळी बांधून नेऊ नका. जनावरांच्या लाळ्या-खुरकतामुळे बोत्स्वाना मांसाच्या बाबतीत कडक आहे, सीमेवर बूटही औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. बोटीवरचा किराणा कासानेहून छोट्या बोटीने येतो, ऐन वेळी मागितलेली डाळ तिथे मिळत नाही.