गुलाबी झाकेचा की मुरमाड? घरासाठी हलका करडा निवडताना

घराला हलका करडा द्यायचा, तोही निळसर थंड नको, जरा उबेचा हवा, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल तर खरी अडचण आता सुरू होते. शेडकार्डावर वॉर्म ग्रे म्हणून जे चौकोन मांडलेले असतात ते एकेक करून पाहिले तर सगळे सारखेच वाटतात. शेजारी शेजारी धरले की मात्र बहुतेक सगळे दोन घराण्यांत वाटले जातात. एकात करड्याखाली लालसर, गुलाबी झाक असते. दुसऱ्यात पिवळसर, मातकट. आमच्याकडे विहीर खणताना काळ्या मातीखाली जो मुरूम लागतो, त्याच्याकडे झुकणारी. दुसऱ्या घराण्याला मी मुरमाड करडा म्हणतो, आणि पुढेही तसंच म्हणेन.

मला या दोन्हींबद्दल बोलता येतं याचं कारण आमचं परभणीचं घर. दुमजली आहे. खाली आम्ही आणि आई, वर धाकटा भाऊ. रंगकाम दोन्ही मजल्यांचं एकाच वेळी काढलं. पेंटर तोच, पुट्टी तीच, इमल्शन एकाच कंपनीचं. खालच्या मजल्याला मुरमाड करडा दिला, वरच्याला गुलाबी झाकेचा. खोल्यांची मांडणी वर-खाली जवळपास सारखीच असल्याने तीच खिडकी, तोच उजेड आणि दोन रंग असं रोज बघायला मिळतं.

झाक येते कुठून, ते दुकानातल्या टिंटिंग मशीनसमोर, म्हणजे बेसमध्ये रंग मिसळणाऱ्या यंत्रासमोर, उभं राहिलं की कळतं. पांढऱ्या बेसमध्ये नुसतं काळं सोडलं की करडा होतो खरा, पण तो बहुधा निळसर दिसतो. ऊब आणायला त्यात पिवळा ऑक्साइड किंवा लाल ऑक्साइड जातो, तोही अगदी थोडा. दोन्ही लोखंडाचेच. गेरूला लाली येते ती लाल लोह-ऑक्साइडमुळे, मुरूम आणि पिवळी माती पिवळी दिसते ती पाणी धरून ठेवलेल्या लोह-ऑक्साइडमुळे. मशीनमधल्या नळ्यांत असतात ती त्याच कुळातली रंगद्रव्यं. दुकानदाराला विचारलं तर तो स्क्रीनवरचा फॉर्म्युला दाखवतो. शेडचं नाव बाजूला ठेवा आणि काळ्याच्या जोडीला लाल जास्त आहे की पिवळा, एवढंच बघा. मला शेडकार्डापेक्षा या एका नजरेचा उपयोग जास्त झाला.

किती हलका घ्यायचा, यावर फार वेळ घालवू नका. शेडच्या माहितीत एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो 0 ते 100 मधला आकडा, दिलेला असेल तर घराच्या आतल्या खोल्यांसाठी 60 च्या वरचा घ्यावा. कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी हलकी घेतलेली बरी. चारही भिंतींना एकच रंग लागला की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि सगळं मिळून कार्डापेक्षा गडद दिसतं. इमल्शन सुकल्यावरही थोडं गडद होतं.

दिवसाच्या उजेडात सांगायचं तर गुलाबी झाकेचा करडा देखणा आहे, यात शंका नाही. सकाळी पूर्वेच्या खोलीत तो इतका मऊ दिसतो की वर गेल्यावर मीही दोन क्षण थांबतो. श्रावणात आभाळ दिवस दिवस उघडत नाही, तेव्हाही त्या खोलीत मरगळ येत नाही. आमच्या खालच्या मुरमाड भिंती अशा दिवशी जरा मंद होतात, हिरवटपणाकडे जातात. हे मला मान्य करायलाच हवं.

उन्हाळ्यात पारडं फिरतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन आत येतं त्यात गुलाबी झाक फुलून पीच रंगाच्या जवळ जाते. बाहेर पारा 42 च्या पुढे असताना अशी भिंत मला तरी तापलेली वाटते. हा मनाचा खेळ असेल, भिंतीचं तापमान काही रंगाच्या झाकेने बदलत नाही. पण घर मनानेच वापरायचं असतं. मुरमाड करडा त्याच उन्हात बिस्किटी होतो आणि तिथेच थांबतो.

उत्तरेच्या खोलीबद्दल परदेशातले लेख वाचून गोंधळ होऊ देऊ नका. तिकडे उत्तरेच्या खोलीत वर्षभर थंड निळसर उजेड धरलेला असतो. परभणी साधारण 19 अंश अक्षांशावर. मेच्या मध्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैच्या शेवटापर्यंत माध्यान्हीला तो आपल्या उत्तरेलाच असतो. उन्हाळ्याच्या या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. थंडीत मात्र त्या खोलीला नुसत्या आभाळाचा उजेड मिळतो. तेव्हा दोन्ही करडे शांत होतात, फरक कमी राहतो. म्हणजे उत्तरेच्या खोलीसाठी यातला कुठलाही चालेल.

एवढंच असतं तर मी कदाचित गुलाबी झाकेचाच घेतला असता. माझा निर्णय फिरवला तो ट्यूबलाईटने.

आपल्याकडे ट्यूब म्हणजे पांढरीच. खोक्यावर 6500 के लिहिलेली. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर पांढरा, लहान तितका पिवळा. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. त्यामुळे या उजेडात निळा भरपूर असतो, लाल त्या मानाने अशक्त. अशा उजेडाखाली गुलाबी झाकेची करडी भिंत आली की लाल आणि निळ्याची सरमिसळ होते आणि भिंत जांभळट दिसायला लागते. दुपारभर शहाण्यासारखी वागलेली भिंत दिवेलागणीला बटण दाबताच दुसऱ्याच रंगाची होते. रंग ठरवण्याआधी मी दोन्हींचे मोठे नमुने करून दिवाणखान्यात ठेवले होते. दिवसा मन गुलाबीकडे ओढायचं आणि रोज संध्याकाळी तोच नमुना जांभळा दिसायचा. एकदा तो जांभळा डोळ्यांना दिसला की मग दिसतच राहतो. शेजारचा क्रीम पडदा मळका वाटतो, पांढरा सोफा निळा वाटतो. रात्री मोबाईलवर काढलेल्या फोटोत तर भिंत सरळ जांभळीच येते. घरातली माणसं एकत्र बसतात ती संध्याकाळी, पाहुणे येतात ते संध्याकाळी, आणि नेमक्या त्या वेळी मी निवडलेला रंग भिंतीवर नसणार, हे मला काही केल्या पटेना. वर भावाकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या मावशींनी "जांभळा दिला का रे?" असं विचारलंच.

याला उपाय नाही असं नाही. भावाने नंतर हॉलमधल्या ट्यूबा काढून 3000 के चे दिवे लावले आणि त्या उजेडात ती भिंत फार सुरेख दिसते. भावजय त्या रंगावर खूश आहे, आणि तिच्या जागी मीही असतो. 4000 के चे दिवे लावले तरी जांभळेपणा बराचसा जातो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, 90 लिहिलेला असेल तर फरक आणखी पडतो, साधारण दिव्यांचा तो 80 च्या आसपास असतो.

पण खाली आमची आई आहे. पिवळ्या उजेडात तांदळातला खडा दिसत नाही, सुई ओवता येत नाही, असं तिचं म्हणणं आणि ते खरंच आहे. मुलीला अभ्यासाला पांढरा उजेड लागतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालते ती हॉलची एक ट्यूब, तीही पांढरी. रंग टिकवण्यासाठी घरातल्यांनी दिवे बदलावेत, यापेक्षा आहे त्या दिव्यांत टिकणारा रंग घ्यावा, या मताला मी आलो. मुरमाड करडा 6500 के खाली आपली पिवळसर ऊब बरीचशी घालवून बसतो. साधा करडा होतो, थोडा कोरडा. पण राहतो करडाच.

फरशीचाही विचार करा. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी अजून टिकून आहे. शहाबाद आज कर्नाटकात असलं तरी 1948 पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा ती फरशी आपल्या घराघरांत यावी यात नवल नाही. तिचा करडा निळसर-हिरवट. तिच्यावर मुरमाड भिंत जमून जाते. गुलाबी झाकेची भिंत तिच्याजवळ आली की दोघींची झाक एकमेकींच्या विरुद्ध ओढते आणि भिंत आणखीच गुलाबी वाटते. पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर हा प्रश्न येत नाही.

सागवानी चौकटी आणि दारं हा दुसरा मुद्दा. पॉलिश केलेलं सागवान नारिंगीकडे जातं, आणि नारिंगीच्या शेजारी ठेवलेला कुठलाही करडा डोळ्याला जरा निळा भासतो. मुरमाड करड्यात पिवळा असल्याने तो हा भास पचवतो. गुलाबीत मात्र तो निळा मिसळून पुन्हा तोच जांभळा डोकावतो, दिवसाउजेडीसुद्धा, चौकटीलगतच्या पट्ट्यात. दारं पांढरी किंवा गडद तपकिरी असतील तर हे जाणवणार नाही.

धुळीबद्दल माझ्याकडे मोजमाप नाही, नजरेचा अनुभव आहे. फाल्गुनानंतर वावटळी सुटल्या की शेताची धूळ घरात येते आणि स्विचबोर्डाच्या वरच्या काठावर, स्कर्टिंगवर, खिडकीच्या खाली बसते. आमच्या भिंतीवर ती रंगात मिसळून जाते, फडकं फिरवायचं राहिलं तरी चालून जातं. वर तीच धूळ पिवळट रेघेसारखी उठून दिसते. हाताचे तेलकट डाग मात्र दोन्हींवर सारखेच दिसतात, तिथे मुरमाडला काही वेगळं श्रेय देता येणार नाही.

छताचा पांढरा निवडताना एक पथ्य पाळा. चुन्यात नीळ घालून पांढरेपणा उठवायची आपली जुनी रीत, आणि आजही झगझगीत पांढरे रंग निळसरच असतात. असा पांढरा वर आला तर खालचा मुरमाड करडा मळलेला वाटतो. छताला किंचित क्रीमकडे जाणारा पांढरा द्या. गुलाबी झाकेला निळसर पांढरा त्या मानाने खपून जातो.

आता मी माझ्या आवडीच्या विरुद्ध सल्ला देतो ती जागा. खिडकीबाहेर मोठा कडुलिंब असेल, किंवा बोळ अरुंद आणि समोरच्या घराची भिंत पोपटी असेल, तर आत येणारा उजेडच हिरवा असतो. मुरमाड करड्यातला हिरवटपणा त्याने वाढतो आणि खोली आजारी दिसते. आमच्या मागच्या खोलीला कडुलिंबाची सावली आहे, तिथे मी गुलाबी झाकेचाच रंग दिला आणि तो तिथे छान बसला. लाल झाक हिरव्याला मारते. ती खोली आम्ही दिवसाच वापरतो, म्हणून ट्यूबचा प्रश्न तिथे नाही.

नमुना भिंतीवर लावू नका. ताज्या पांढऱ्या पुट्टीच्या मधोमध लावलेला कुठलाही हलका करडा गडद आणि मळका दिसतो आणि माणूस घाबरून भलताच फिका रंग घेतो. जाड ड्रॉईंग शीटवर दोन हात मारा, शीट कडेपर्यंत पूर्ण रंगवा, पांढरी कड सोडू नका. दोन्ही घराण्यांचा एकेक नमुना करा, कारण झाक एकटीने कळत नाही, दुसरी शेजारी असली की कळते. सुकल्यावर शीट दाराच्या चौकटीला टेकवून, फरशीवर उभी करून, खिडकीसमोरच्या भिंतीला लावून बघा. आणि तुमच्या घरात रोज जो दिवा लागतो तोच लावून बघा, दुकानातल्या दिव्याखाली नको.

संध्याकाळी पांढरी ट्यूब लागणारं घर, सागवानी दारं, पश्चिमेची खिडकी असं असेल तर मी मुरमाड घ्या म्हणेन. दिवे आधीपासून पिवळे असतील, दारं पांढरी असतील, घराभोवती झाडी असेल तर गुलाबी झाकेचा घ्यायला हरकत नाही, पावसाळ्यात तो तुम्हाला जास्त सुख देईल.

घ्याल तो रंग सगळ्या खोल्यांचा एकदमच टिंट करून घ्या. हलक्या शेडमध्ये टिंटर, म्हणजे मशीनमधलं रंगद्रव्य, इतका थोडा जातो की नंतर आणलेल्या डब्यात किंचित कमी-जास्त झालं तरी भिंतीवर पट्टा दिसतो. पेंटरला सांगून सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. अर्धा-एक लिटर हवाबंद ठेवून द्या आणि मशीनने छापलेली फॉर्म्युल्याची चिठ्ठी डब्याच्या झाकणाला चिकटवा. पुढे प्लगची जागा बदलली, खिळा काढला की त्यातूनच हात मारायचा.