सायकलला ट्रेलर जोडून घर हलवलं, सात महिन्यांनंतरचा अनुभव

ट्रेलर बघितला की प्रत्येक जण एकच विचारतो, किती वजन ओढतं हो? सात महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की विचारायचं ते हे नाहीच. ओढायचं काही विशेष नाही, खालचा गिअर टाकायचा आणि रिक्षावाल्यांचे हॉर्न ऐकत निवांत जायचं. खरी गंमत थांबवताना कळते.

तर झालं असं की पुण्यात सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायला जाणार होता आणि आम्हाला डहाणूकर कॉलनीत भाड्याने फ्लॅट मिळाला, अंतर साधारण पाच किलोमीटर. दोन्ही जागा महिनाभर आमच्याच ताब्यात होत्या म्हणून घाई नव्हती. छोटा हत्तीवाल्याने फेरीचे अडीच हजार सांगितले, चढउतार वेगळी, आणि वर म्हणाला की बोळात गाडी येणार नाही, सामान तुम्ही कोपऱ्यावर आणून ठेवा. म्हणजे निम्मी हमाली आमचीच. तेव्हा म्हणलं आपली सायकल काय वाईट आहे.

रेडीमेड ट्रेलर आधी बघितले होते. अमेरिकेतल्या बर्ली कंपनीचा फ्लॅटबेड येतो, १६ इंची चाकं, क्षमता ४५ किलो. एका चाकाचा बॉब याक ३२ किलोपर्यंत, तो लांबच्या टूरवाल्यांचा. बाइक्स अ‍ॅट वर्क कंपनीचे लांबलचक ट्रेलर तर १३६ किलोपर्यंत घेतात. पण बाहेरून मागवायचं म्हणजे किमतीपेक्षा कुरिअरच जास्त, म्हणून ओळखीच्या वेल्डिंगवाल्या दादांकडून बनवून घेतला. एक इंची एमएस (साधं लोखंड) चौकोनी पाइप १६ गेज जाडीचा, वर तीन बाय दोन फुटांचा प्लाय, आणि जुन्या बाजारातून रविवारी उचललेली लहान मुलांच्या सायकलची १६ इंची दोन चाकं. सगळं मिळून वजन तेरा किलोच्या आसपास आणि खर्च पाच हजारांच्या थोडा वर. म्हणजे पैसे वाचले वगैरे काही मी म्हणणार नाही.

एक गोष्ट दादांनी न सांगता बरोब्बर केली, चाकाचा आस दोन्ही बाजूंनी धरला. एकाच बाजूने धरलेली साधी सायकलची चाकं वजनाखाली आस वाकवतात. पण सायकलला जोडायचा सांधा मात्र त्यांनी आधी गेटच्या बिजागरीचा केला. "ताई, हत्ती बांधला तरी तुटायची नाही." तुटली नाहीच! पण सायकल वळताना झुकते ना, आणि बिजागरी फक्त डावी-उजवी फिरते, त्यामुळे पहिल्याच वळणाला ट्रेलरचं एक चाक अलगद हवेत गेलं आणि मी फुटपाथवर. मग नाना पेठेत जाऊन रॉड एंड आणला, म्हणजे मधे गोळी असते तो सांधा, तो सगळीकडून फिरतो. मागच्या चाकाच्या नटाखाली एक जाड पट्टी, डाव्या बाजूला, कारण उजवीकडे चेन आणि गिअर, आणि त्या पट्टीला तो रॉड एंड. सीटच्या दांड्याला जोडायचा सल्ला पण मिळाला होता, तो नका ऐकू, ब्रेक दाबला की ट्रेलर वरून ढकलतो आणि सायकल डगमगते. शिवाय एक नायलॉनचा पट्टा ट्रेलरपासून फ्रेमला ढिला बांधलेला असतो, सांधा निसटलाच तर ट्रेलर एकटा फिरायला जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या फेरीला तांदळाची कोठी पडली. चूक माझीच. खाली पुस्तकांचं खोकं आणि त्याच्यावर उभी कोठी, आणि नवी पेठेत स्पीडब्रेकर तिरका घेतला, एक चाक वर, एक खाली, बास. सायकल सरळ उभी, मला काही कळलंच नाही, फक्त अचानक जड झालं आणि मागून पत्र्याचा आवाज आला. वळून बघते तर ट्रेलर कुशीवर, कोठीचं झाकण गटाराच्या जाळीपर्यंत घरंगळत गेलेलं आणि तांदूळ रस्त्यावर पसरलेला. शेजारून चाललेल्या एका आजोबांनी वाकून चार दाणे उचलले, नाकाशी नेले आणि म्हणाले, "आंबेमोहोर दिसतोय." आणि गेले. मदत शून्य. आमच्या पेठेतलेच असणार.

त्यानंतर नियम केला, जड ते तळाला, उंच काही उभं ठेवायचं नाही, आणि स्पीडब्रेकर दोन्ही चाकं एकदम चढतील असा सरळ घ्यायचा. भरताना वजन आसाच्या किंचित पुढे हवं, एकूण वजनाचा साधारण दहावा भाग सांध्यावर यायला हवा. सगळं मागे गेलं तर ट्रेलर सायकलचं मागचं चाक वर उचलायला बघतो आणि उतारावर शेपटी हलवतो, फार भीती वाटते. मी बॅगा तोलायचा लटकता काटा दांडीला अडकवून बघायचे, पाच-सहा फेऱ्यांनंतर हातालाच अंदाज आला.

आता ब्रेक. म्हात्रे पुलावरून एरंडवण्यात आणि मग नळ स्टॉप असा माझा रस्ता, पुढे कर्वे पुतळ्यापर्यंत हळूहळू चढ, स्कूटरवर कधी जाणवला नव्हता तो. चढ ठीक. पण पन्नास किलो मागे असताना सिग्नल लाल झाला की मागून कुणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटतं. एकटी सायकल जिथे थांबते त्याच्या दुप्पट अंतर धरा, पावसात त्याहून जास्त, आणि वळणात ब्रेक अजिबात नको, ट्रेलर सायकलला आडवा यायला बघतो. माझे व्ही-ब्रेकचे, म्हणजे रिमला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकचे, पॅड एरवी वर्षभर जातात, ते दीड महिन्यात संपले. परत घ्यायची झाली तर डिस्क ब्रेकवाली सायकलच घेईन.

एकूण २३ फेऱ्या झाल्या. पुस्तकं, भांडी, गाद्या, शिलाई मशीन, देव्हारा (सासूबाईंनी देव वेगळे स्वतःच्या मांडीवर रिक्षातून नेले), कुंड्या. फ्रीज, कपाट आणि पलंग शेवटी टेम्पोनेच गेले, कोपऱ्यापर्यंत उचलून. गाद्या वजनाला काही नाहीत पण वारा असला की शिडासारख्या भरतात, त्या सकाळी सातच्या आत न्याव्यात. बोळात मात्र ट्रेलरने खरंच पैसे वसूल केले, दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याशी उभा करायचा, तिथेच भरायचा, कोपऱ्यापर्यंत हमाली नाही.

तक्रारी पण आहेत. जुन्या बाजारातलं एक चाक दुसऱ्या महिन्यातच आउट झालं, म्हणजे वाकडंतिकडं फिरायला लागलं, तारा ढिल्या, छर्रे कोरडे, पुन्हा ग्रीस भरून आउट काढून घेतला तेव्हा कुरकुर थांबली. सायकल ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत, त्यातून ७५ सेंटिमीटरचा ट्रेलर जात नाही, मग रस्त्यावरच या. रिक्षावाले ओव्हरटेक करून लगेच डावीकडे घुसतात कारण मागे काही जोडलंय हे त्यांच्या डोक्यातच नसतं, म्हणून काठीला नारिंगी झेंडा आणि मागे लाल रिफ्लेक्टर टेप. झेंड्यावरून एकदा चौकात ट्रॅफिक पोलीस मामांनी थांबवलं, "कुठला पक्ष?" विचारलं आणि मग बराच वेळ सांधाच बघत बसले.

घर हलवून झाल्यावर विकू म्हणलं होतं, तो अजून जिन्याखाली भिंतीला उभा आहे. दळण, रद्दी, दसऱ्याचा झेंडू, गणपतीत मखराचा प्लाय, सगळं त्याच्यावर. बाप्पाला मात्र ट्रेलरवरून आणायचं नवऱ्याने सुचवलं तेव्हा सासूबाईंनी नुसतं बघितलं, विषय तिथेच संपला. सोसायटीतली दोन घरं अधूनमधून मागून नेतात, परत देताना हवा कमी असते. या रविवारी मागच्या खोल्यांतली एक ताई हॉस्टेल बदलतेय, तिला दिलाय, फक्त सांगितलंय की आधी रिकामा घेऊन दोन चकरा मार आणि गल्लीत तीन वेळा जोरात ब्रेक दाबून बघ, मग तुझं सामान भर.