स्वयम् की खान अकादमी?
भाची बीएस्सीला आहे, तिचा प्रश्न होता, स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल) आणि खान अकादमी (ऑनलाइन शिकवणारी साइट) यातलं नक्की काय करू. शिकायला दोन्ही फुकट. पण सर्टिफिकेट हवं असेल तर स्वयम् पोर्टलवरच्या एनपीटीईएलच्या (म्हणजे आयआयटी वगैरेंच्या) कोर्सला परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन पेपर द्यावा लागतो, २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के त्या पेपरचे, म्हणून त्याला खरंच वजन आहे आणि कॉलेजने मान्य केलं तर क्रेडिटही मिळतात. त्रास एकच, दर आठवड्याची डेडलाइन पाळावीच लागते, आणि काही लेक्चर्स फार लांबतात हो! खानला डेडलाइन नाही, छोटे व्हिडिओ, लगेच सराव, चुकलं की हिंट मिळते. पण क्रेडिट नाहीत. बारावीपर्यंतचं गणित कच्चं असेल तर आधी खानच, डिग्रीत धरायचं असेल तर स्वयम्.