फुल सिंथेटिक ऑईल: माल उत्तम, डब्यावरचा किलोमीटरचा आकडा मात्र फुगवलेला

डब्याच्या पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत '१५,००० किमीपर्यंत संरक्षण'. मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरांत, 'ऑईल बदलण्याबाबत गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे वागावं'. फुल सिंथेटिक ऑईलचं परीक्षण करायचं तर या दोन ओळींमध्ये जे अंतर आहे त्याचंच करावं लागतं. ऑईल म्हणून माल चांगला आहे, त्यात वाद नाही. आक्षेप आहे तो पुढच्या बाजूच्या आकड्यावर.

आधी जमेची बाजू. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधल्या '५डब्ल्यू'चा अर्थ असा, की उणे ३० अंशांनाही ऑईल इतकं पातळ राहतं की स्टार्टर इंजिन फिरवू शकतो, आणि उणे ३५ ला पंप ते ओढू शकतो. १५डब्ल्यू-४० हीच परीक्षा उणे २० आणि उणे २५ ला देतं. अशी थंडी कधी न पाहणाऱ्या गाडीलाही याचा फायदा होतो. रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टला ऑईल इंजिनाच्या तळाच्या टाकीतून (संपमधून) वर कॅमशाफ्टपर्यंत लवकर चढतं आणि टॅपेटचा तो सुरुवातीचा खडखडाट लवकर थांबतो. दुसरी बाजू उष्णतेची. टर्बोच्या शाफ्टपाशी साधं मिनरल ऑईल जळून कोळशासारखा थर धरतं, सिंथेटिक तिथे बराच जास्त वेळ तग धरतं. तिसरी गोष्ट उडून जाण्याची. २५० अंशांवर तासभर ठेवून किती ऑईल उडालं हे मोजणारी नोअ‍ॅक चाचणी असते. एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ दर्जाला १३ टक्क्यांच्या वर उडालेलं चालत नाही. चांगली सिंथेटिक ऑईल याहून बरीच खाली असतात, म्हणून दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये टॉप-अप कमी लागतो.

'फुल सिंथेटिक' या शब्दावर मात्र फार विसंबू नये. बेस ऑईलचे, म्हणजे ज्यात बाकीची रसायनं मिसळतात त्या मूळ तेलाचे, पाच गट आहेत. गट ४ म्हणजे पीएओ, खऱ्या अर्थाने कारखान्यात रेणू जोडून बनवलेलं. गट ३ म्हणजे कच्च्या तेलातूनच काढलेलं, पण हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं शुद्ध केलेलं की गुणांत पीएओच्या जवळ जातं. अमेरिकेत १९९९ साली कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यातल्या जाहिरातींच्या वादात गट ३ लाही 'सिंथेटिक' म्हणायला मुभा मिळाली, आणि पुढे बाजारातले बहुतेक डबे याच गटाचे झाले. शेल हेलिक्स अल्ट्राचं बेस ऑईल तर नैसर्गिक वायूपासून बनतं. गट ३ वाईट नाही, रोजच्या गाडीला पुरेसं आहे. फक्त नावावरून ते किती दिवस चालेल हे ठरत नाही.

कारण बेस ऑईल आधी संपतच नाही. आधी संपतात त्यात मिसळलेली, गुण वाढवणारी रसायनं, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. ज्वलनातून तयार होणारं आम्ल मारण्याची ताकद टीबीएनमध्ये मोजतात. पेट्रोल गाडीच्या नव्या ऑईलचा टीबीएन साधारण ७ ते १० असतो. तो निम्म्यावर आला की ऑईल बदलायच्या तयारीला लागावं. ऑईल गरमीत पातळ होऊ नये म्हणून घातलेले लांबलचक पॉलिमर पंपात आणि चेनच्या दातांत चिरडून तुटतात, मग ३० ग्रेडचं (हा आकडा गरम ऑईलच्या दाटपणाचा) ऑईल २० सारखं वागायला लागतं. त्यात पेट्रोल मिसळतं, पाणी मिसळतं, काजळी मिसळते. यातलं काहीही बेस ऑईलच्या महागडेपणाने थांबत नाही. सिंथेटिकमध्येही पेट्रोल तितकंच मिसळतं.

म्हणून किलोमीटर हे मोजमापच तोकडं आहे. इंजिनाचे तास मोजले की चित्र लख्ख होतं. हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किमी म्हणजे सुमारे १६७ तास. तेच १०,००० किमी शहरात, सिग्नल आणि ट्रॅफिक धरून सरासरी २० ने, म्हणजे ५०० तास. ओडोमीटरला दोन्ही सारखेच दिसतात, ऑईलने मात्र एकीकडे तिप्पट काम केलेलं असतं. गाडीच्या ट्रिप कॉम्प्युटरवर सरासरी वेग दिसतोच. शेवटचं ऑईल बदलल्यापासूनचे किलोमीटर भागिले तो वेग, की तास मिळाले. ट्रिप मीटर ऑईल बदलताना शून्यावर आणायला मात्र विसरू नये. २५० तास ही पेट्रोल गाडीसाठी सावध मर्यादा, ३०० पर्यंत ओढलं तर चालतं, ४०० च्या पुढे टर्बो गाडीत आम्ही तरी जाऊ देणार नाही.

त्यातही सर्वांत वाईट वापर म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या. कुलंटचा काटा पाच मिनिटांत मधोमध येतो म्हणून इंजिन तापलं असं वाटतं, पण ऑईल तापायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं काही पिस्टनच्या रिंगांवरून खाली संपमध्ये उतरतं. ज्वलनातली वाफ आत गार पडून पाणी होते. ऑईल ९०-१०० अंशांवर बराच वेळ राहिलं तर हे दोन्ही उडून जातं, नाही तर साचत जातं. ऑईल भरायचं झाकण उघडून आतली बाजू पाहावी. तिथे कॉफीच्या फेसासारखा पिवळट-बदामी चिकट थर दिसला, तर गाडीच्या फेऱ्या फार लहान आहेत. (हाच थर आणि सोबत कुलंटची पातळी उतरत असेल तर प्रकरण हेड गॅस्केटचं आहे, ऑईलचं नाही.) मग डिपस्टिक काढून वास घ्यावा. पेट्रोलचा उग्र भपका आला, किंवा ऑईल न घालताच पातळी वर चढलेली दिसली, तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, ते ऑईल काढावं.

रंगावरून मात्र काहीही ठरवू नये. डिझेल गाडीत नवं ऑईल पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये काळं होतं, म्हणजे ते काजळी धरून ठेवायचं आपलं काम करतंय. उलट सीएनजी गाडीत काजळी जवळजवळ नसते, त्यामुळे १०,००० किमीनंतरही ऑईल मधासारखं दिसतं आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात गॅसच्या गरम ज्वलनाने ते आतून ऑक्सिडाइझ होऊन दाट झालेलं असू शकतं. स्वच्छ दिसणारं ऑईल बघून सर्व्हिसिंग पुढे ढकलण्याची चूक सीएनजीवालेच जास्त करतात.

मग किलोमीटरमध्ये ढोबळ आकडे काय धरायचे? (तासांची मर्यादा आधी आली तर तीच धरावी.) बिनटर्बोचं साधं पेट्रोल इंजिन, मुख्यतः लांबचा प्रवास: १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. इथे सिंथेटिक आपले पैसे वसूल करून देतं. तीच गाडी शहरात: ७,५०० किमी. डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी शहरात: ५,००० ते ७,५००. यात ओढाताण करू नये, कारण या इंजिनांत पेट्रोल ऑईलमध्ये उतरण्याचं प्रमाण जास्त आणि टायमिंग चेन झिजायची भीतीही जास्त. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली डिझेल: हायवेला १०,०००, शहरात ७,५००, आणि दर महिन्याला पातळी पाहायची. हा फिल्टर काजळी जाळून साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं, आणि ते काम अर्धवट राहिलं की डिझेल संपमध्ये उतरतं. महिन्यातून दोनदाच निघणारी गाडी: किलोमीटर कितीही कमी असोत, वर्षातून एकदा. पाणी आणि आम्ल उभ्या गाडीतही आपलं काम करतात.

मोठे आकडे साफ खोटे असतात असंही नाही. फोक्सवॅगनच्या ५०४ ००/५०७ ०० दर्जाच्या ऑईलवर युरोपात ३०,००० किमी किंवा दोन वर्षांपर्यंतची मुदत दिली जाते. टोयोटा अमेरिकेत ०डब्ल्यू-२० वर १०,००० मैल किंवा वर्षभर देते. पण पहिल्या ठिकाणी मुदत ठरवतो गाडीचा कॉम्प्युटर, आणि थंड फेऱ्या जास्त झाल्या की तो ती बरीच अलीकडे आणतो. दुसऱ्या ठिकाणी त्याच मॅन्युअलमध्ये लहान फेऱ्या, धूळ, जड ओझं अशा वापरासाठी ५,००० मैल लिहिलेलं आहे. ते 'कठीण वापर'चं पान कुणी वाचत नाही, आणि बहुतेक शहरी गाड्या बसतात त्याच पानावर. शिवाय लांब मुदतीमागे कंपनीचा एक हिशेबही असतो: पहिल्या मालकाचा देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसतो. गाडी दोन लाख किलोमीटर ठेवायची असेल तर तो हिशेब आपला नाही.

डॅशबोर्डवरच्या 'ऑईल लाइफ' टक्केवारीबद्दल: बहुतेक गाड्यांत ती ऑईल तपासून काढलेली नसते. इंजिनाचे फेरे, तापमान, थंड स्टार्ट यांवरून केलेला तो हिशेब असतो. किलोमीटरपेक्षा शंभर पटींनी बरा. फक्त ऑईल कुठलं घातलंय, पातळी किती आहे, हे त्या हिशेबाला माहीत नसतं. ऑईल न बदलता कुणी नुसतं रीसेट केलं तरी तो खुशाल १०० दाखवतो.

डबा निवडताना कंपनीपेक्षा मागचे कोड महत्त्वाचे. पेट्रोलसाठी एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा एसपी (२०२० पासूनचा दर्जा) किंवा त्यानंतरचा एसक्यू. टर्बो इंजिनातलं इंधनाचं अवेळी पेटणं आणि चेनची झीज यांच्या चाचण्या एसपीमध्ये आल्या, म्हणून जुना एसएन स्वस्त मिळतोय म्हणून टर्बो गाडीत घालू नये. डीपीएफ असेल तर एसीईए सी मालिकेतलं, मॅन्युअलमध्ये असेल तेच. सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंत बांधलेलं असतं, कारण काजळी जळून जाते पण राख डीपीएफमध्ये कायमची बसते. मॅन्युअल ५डब्ल्यू-३० म्हणत असताना अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून ०डब्ल्यू-२० घालणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आणि टायमिंग बेल्ट ऑईलमध्येच बुडालेला असेल अशा इंजिनात तर कोड अक्षरशः जुळला पाहिजे. चुकीच्या किंवा पेट्रोल मिसळलेल्या ऑईलने त्या बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण संपमधल्या पंपाच्या जाळीवर बसतात आणि ऑईल प्रेशरचा दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

बदलण्याच्या कामात बिघाड होतो तो किरकोळ जागी. इंजिन गरम करून, पण हाताला चटका बसणार नाही इतपत, ऑईल काढावं. धार संपून थेंब पडायला लागेपर्यंत थांबावं, किमान दहा मिनिटं. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. तोच जुना चिरडलेला वॉशर लावून गळती थांबेना म्हणून पाना ओढत राहिलं, की अ‍ॅल्युमिनियमच्या संपचे आटे जातात. बहुतेक प्लग २५ ते ४० न्यूटन-मीटरमध्येच बसतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. फिल्टर दर वेळी बदलायचाच. सिंथेटिक घालून जुना फिल्टर ठेवणं म्हणजे अंघोळ करून तेच कपडे घालणं. पत्र्याच्या डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर जुन्याचा रबर इंजिनालाच चिकटून राहिला नाही ना, ते बोट फिरवून पाहावं. दोन रबर एकावर एक बसले तर सुरू करताच सगळं ऑईल जमिनीवर. नव्या रबराला ऑईलचं बोट लावून, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस्स. पाना लावू नये.

भरताना मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी घालावं, मिनिटभर इंजिन चालवावं, पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पाहावी आणि मग उरलेलं हळूहळू. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटर मावतं. साडेतीन लिटर ऑईल मावणारं इंजिन आणि चार लिटरचा डबा, म्हणून पूर्ण ओतून मोकळं होणारे कमी नाहीत. खुणेच्या वर गेलेलं ऑईल क्रँकशाफ्ट घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला आधार मिळत नाही. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकण लावून ठेवावा, टॉप-अपला तोच वापरावा.

'फ्लश'च्या बाटलीची गरज वेळेवर ऑईल बदलणाऱ्या गाडीला नाही. ज्या गाडीत वर्षानुवर्षांचा गाळ आहे तिथे तर ती धोक्याची, कारण सुटलेला गाळ थेट पंपाच्या जाळीवर जातो. तिथे सिंथेटिक घालून ३,००० किमीला बदलावं, पुन्हा ३,००० ला, आणि मग नेहमीची मुदत. सिंथेटिकनंतर मिनरल घालता येत नाही ही समजूतही चुकीची. ही ऑईलं एकमेकांत मिसळतात, फक्त चांगल्या मालाचा गुण पातळ होतो.

आणि ज्याला अंदाजावर राहायचं नाही, त्याने एकदा ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. गरम ऑईल काढताना पहिली धार जाऊ द्यायची आणि मधली शंभर मिलिलीटर कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्यायची. अहवालात चार ओळी पाहायच्या: १०० अंशांवरचं दाटपण ग्रेडमध्ये आहे का, टीबीएन निम्म्याच्या वर आहे का, इंधन २ टक्क्यांच्या आत आहे का, आणि सिलिकॉन, म्हणजे आत गेलेल्या धुळीची खूण. सिलिकॉन चढलेलं असेल तर ऑईलला दोष देऊ नये, एअर फिल्टरच्या डब्याची फट शोधावी. चारही ठीक असतील तर पुढच्या वेळी हजार-दोन हजार किलोमीटर वाढवून पुन्हा नमुना द्यावा. एक जरी ओळ बिघडलेली असेल, तर तेवढेच कमी करावेत.